सोळा तारखेची खिडकी

मोठ्या साहेबांनी त्या दिवशी भाषणात एकच म्हण सात वेळा वापरली, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

"बैल गेला आणि झोपा केला, असं आपल्या मानसिक आरोग्य खात्याचं आजवर चाललं," साहेब म्हणाले. "माणूस पार कोलमडला, की मग आपण जागे होणार! हे आता बंद. यापुढे झोपा आधी. आजार व्हायच्या आतच माणसाला गाठायचं." टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर साहेब बोलले त्यात चुकीचं काहीच नव्हतं. कुणाही शहाण्याला पटावं असंच ते होतं. पण शहाण्या गोष्टीचं खात्यात जे होतं तेच तिचंही झालं. तिचं परिपत्रक निघालं.

परिपत्रकात लिहिलं होतं, की ज्यांना अद्याप काहीही झालेले नाही अशांनाच यापुढे डॉक्टरांकडे पाठवावे. मग ज्यांना काही झालंय त्यांनी कुठे जायचं? तेही होतं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. त्यांना एक गुलाबी चिठ्ठी द्यायची. 'आपण उशिरा आलात. खात्यास खेद आहे.'

या चिठ्ठ्या वाटायचं काम आलं शिक्केभाऊंच्या गळ्यात. शिक्केभाऊ म्हणजे जिन्याखालच्या नोंदणीच्या खिडकीतले कारकून. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एकोणीस वर्षं तारखेचा शिक्का हातात, म्हणून सगळे शिक्केभाऊच म्हणत. लाकडी मुठीचा जुना शिक्का होता तो, दिवस, महिना आणि वर्ष यांच्या रबरी पट्ट्या असलेला. रोज सकाळी बायकोच्या केसातल्या आकड्याने ते दिवसाची पट्टी एक घर पुढे सरकवत, तारीख पालथ्या हातावर उमटवून बघत, आणि मगच खिडकीची फळी वर करत. भाऊंच्या हातावर तारीख उमटल्याशिवाय खात्यात दिवस उजाडत नाही, असं शिपाईमावशी म्हणायच्या.

आधीचा नियम बरोबर उलटा होता. डॉक्टर एक आणि माणसं शंभर, त्यामुळे ज्याचं हाताबाहेर गेलंय त्यालाच आत सोडायचं. बाकीच्यांना सांगायचं, 'वाढलं तर या.' एकोणीस वर्षांत शिक्केभाऊंनी हे तीन शब्द इतक्यांदा उच्चारले होते, की बायको जेवताना भात हवा का विचारायची तेव्हाही कधीकधी तोंडातून तेच निघायचं. आता माणसं वाढल्यावर येत होती, आणि त्यांना उशीर झाला म्हणून सांगायचं होतं. आडातून काढून विहिरीत ढकलायचं, दुसरं काय?

काही न झालेली माणसं आपण होऊन कशाला येतील? मग खात्याने ती शोधून आणली. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला असाच आणला गेला. गडी सदा शीळ घालणारा.

"झोप लागते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ढाराढूर."

"भूक?"

"बायकोला विचारा, ती वैतागलीय."

"छान. पुढच्या बुधवारी पुन्हा या."

चौथ्या बुधवारी त्याची शीळ बंद झाली. "मला हे सारखं का बोलावतात? त्यांना माझ्यात काहीतरी दिसतंय आणि सांगत नाहीत," तो शिपाईमावशींना म्हणाला. सहाव्या बुधवारी त्याची झोप उडालेली होती. सातव्या बुधवारी तो खिडकीशी उभा राहून ढसाढसा रडला. शिक्केभाऊंनी परिपत्रक उघडून पाहिलं, आणि नियमाप्रमाणे त्याच्या हातात गुलाबी चिठ्ठी ठेवली. त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

डबा न जायला दुसरंही कारण होतं. घरी ताई होती.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा यांना न्हाऊमाखू घालून शाळेत सोडणारी तीच. बावीस वर्षं तिने चष्म्याच्या दुकानात काढली. डोळ्यांना दिसणार नाहीत असले स्क्रू ती चिमुकल्या पेचकसाने फ्रेमीत बसवायची, आणि तिने बसवलेला स्क्रू ढिला झाला असं कुणी म्हणून दाखवावं! पण आता आठ महिने ती घराचा जिना पुरता उतरली नव्हती. बाहेर निघायची, दाराला कुलूप लावायची, जिन्याची चौथी पायरी उतरली की थांबायची. कुलूप लागलंय ना? गॅस बंद आहे ना? पुन्हा वर. पुन्हा चौथी पायरी. नऊ-दहा खेपा झाल्या की दमून आत यायची, दाराशी स्टूल टाकायची आणि कुलूप हातात धरून बसायची. जेवणही तिथेच. कुलूप लागलेलं तिला दिसायचं, पण पटायचं नाही.

तिला डॉक्टरबाईंसमोर बसवायचं, एवढीच एक गोष्ट शिक्केभाऊंना हवी होती. आणि ज्या खिडकीतून तिने आत जायचं, तिथे ते स्वतःच चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसलेले!

त्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. बाई थकल्या होत्या. दिवसभर ठणठणीत माणसं तपासून माणूस थकतोच.

"मला तुमच्या ताईंना आज बघायचंय," बाई म्हणाल्या. "पण नाव तुमच्या खिडकीतून आलं नाही तर मला आत घेता येत नाही. लोकांच्या घरी जाऊन तपासणंही बंद केलंय. एकच वाट आहे, नोंदीची तारीख दुखणं सुरू व्हायच्या आधीची हवी. तेवढं जमवा, पुढचं मी बघते."

दुखणं सुरू कधी झालं? शिक्केभाऊंनी कपाटातून गेल्या वर्षीची नोंदवही काढली. ताईने दुकानात जाणं कधी कमी केलं ते मनाशी जुळवत ते मागे मागे गेले, आणि सोळा मार्चच्या पानावर त्यांचं बोट अडकलं. अक्षर त्यांचंच होतं. 'स्त्री, चष्म्याच्या दुकानात काम. कुलूप दोन-तीनदा पाहावेसे वाटते, झोप कमी. सौम्य. परत पाठवले. वाढल्यास यावे.'

आठवलं त्यांना. भावाची ओळख नको म्हणून ताई तासभर रांगेत उभी राहिली होती. खिडकीशी आली, हळू आवाजात सांगितलं, आणि हे हसले होते. "ताई, कुलूप तर मीही दोनदा बघतो. वाढलं तर ये." ताई "बरं" म्हणाली. मग तिने विचारलं, डबा खाल्लास का, आणि ती गेली.

शिक्केभाऊ वही मांडीवर घेऊन बराच वेळ कपाटाशीच बसले. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग उठले, आकडा घेतला, आणि शिक्क्याच्या पट्ट्या फिरवायला लागले, पण उलट्या. दिवस, महिना, वर्ष. पालथ्या हातावर उमटवून पाहिलं. गेल्या वर्षीची सोळा मार्च, स्वच्छ आणि ठसठशीत.

बेत साधा होता. दुसऱ्या दिवशी ताईला आणायचं, तिच्या अर्जावर शिक्का मारायचा, आणि पट्ट्या परत जागेवर. पण एकट्याच अर्जावर जुनी तारीख दिसली, तर वही तपासणारा हटकणार. म्हणून त्या दिवशीच्या सगळ्याच अर्जांवर सोळा मार्च पडली. ताई मात्र चौथ्या पायरीवरून परत गेली. म्हणजे उद्याही सोळा मार्चच ठेवणं भाग होतं. परवाही. ताई सोळा तारखेला येणार होती, तेव्हा ती येईपर्यंत सोळा तारीख संपवून कसं चालेल? रोज सकाळी शिक्केभाऊ आकडा हातात घेत, पट्टीकडे बघत, आणि संध्याकाळी तो तसाच घरी नेऊन बायकोला केसात खोवायला देत.

तीन आठवडे खिडकीत सोळा मार्च होती. अशी गोष्ट लपून राहत नाही. जिन्याखालच्या खिडकीत अजून काहीच झालेलं नाही, अशी कुणकुण गावभर गेली, आणि गुलाबी चिठ्ठीवाले एकेक करून परत आले. नव्या अर्जात एक रकाना होता, 'पुढे काय होण्याची शक्यता वाटते?' लोक तो मन लावून भरायला लागले. एका शिक्षिकेने लिहिलं, 'येत्या जूनमध्ये माझी नोकरी जाईल, आणि ऑगस्टपासून मी अंघोळ करणे सोडेन.' सायकलवाल्याने लिहिलं, 'चौदा महिन्यांनी खाते मला तपासेल.'

एक निवृत्त बसचालक आला. शिक्का बघून तो थबकला.

"सोळा मार्च? म्हणजे माझी बायको अजून आहे."

शिक्केभाऊंनी अर्जाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आहे," ते म्हणाले.

"तिला सांगायचं राहून गेलेलं बरंच काही आहे हो."

"आत डॉक्टरबाईंना सांगा. त्या ऐकतात." बसचालक आत गेला तो दीड तासाने बाहेर आला. डोळे लाल होते, पण मान सरळ होती. शिपाईमावशींनी त्याला न विचारता चहा दिला.

इकडे मोठ्या साहेबांच्या टेबलावर आकडे गेले. प्रतिबंध, शंभरपैकी शंभर. साहेब स्वतः जिना उतरून खिडकीशी आले. शिक्केभाऊंनी शिक्का गठ्ठ्याआड सरकवला. साहेबांनी एक अर्ज उचलला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"सोळा मार्च... गेल्या वर्षीची?"

"हो साहेब," शिक्केभाऊ कसेबसे म्हणाले. "आपण... फार आधी गाठतो."

"चौदा महिने आधी!" साहेबांचा ऊर भरून आला. "अहो, बाहेर तज्ज्ञ चार महिने म्हणतात! आणि एकाच तारखेत साडेसहाशे माणसं? शाब्बास!" बक्षीस म्हणून त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं, की शिक्केभाऊंचे कष्ट वाचावेत म्हणून येत्या सोमवारी खिडकीत आपोआप तारीख छापणारं यंत्र बसेल. त्याला कुणी हातही लावायला नको. ते खरी तारीख बाहेरून स्वतःच घेतं.

साहेब गेले आणि शिक्केभाऊंनी बोटांवर दिवस मोजले. आज गुरुवार होता. हातात एक शुक्रवार उरला होता.

"भाऊ, एक बोलू का?" शिपाईमावशी कपबश्या विसळता विसळता म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या खात्यात त्यांना ठाऊक नसेल असं काही नव्हतं. "तुम्ही कुलूप घरी ठेवून माणूस आणायला बघताय. कुलूपच आणा की!"

शुक्रवारी सकाळी शिक्केभाऊंनी गॅसच्या शेगडीची तिन्ही बटणं उपसून काढली आणि ताईच्या पिशवीत टाकली. वर कुलूप टाकलं, किल्लीसकट. दार सताड उघडं ठेवलं.

"घर असं उघडं टाकून जायचं?" ताई घाबरीघुबरी झाली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"कुलूप लागलंय का, हा प्रश्नच नाही ना आता? लागलेलं नाहीच. ते तुझ्याजवळ आहे."

"मी बसलेय ना इथे, वन्सं," शिक्केभाऊंची बायको दारात स्टूल ओढून म्हणाली. "जाताय ना? जा बघू आता."

ताई उतरली. चौथ्या पायरीवर थांबली. ताईचा हात पिशवीत गेला, कुलूप चाचपलं, बटणं मोजली, एक, दोन, तीन. तिने वर पाहिलं, पिशवीत पाहिलं. वर जायला काही कारणच उरलं नव्हतं. ती पाचवी पायरी उतरली. रस्त्याने ती दर खांबापाशी थांबून पिशवीत डोकावत होती, आणि शिक्केभाऊ दर खांबापाशी तिच्याबरोबर थांबत होते. पंधरा मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशीर झाला, पण त्यांच्या खिडकीत तारीख अजून चौदा महिने मागे होती, त्यामुळे कुणाला बोलायला तोंड नव्हतं.

"ताई, तू सरळ आत चल," ते म्हणाले.

"नाही. लोक उभे आहेत. मी रांगेतून येईन."

झालं! हट्टात तिला कुणी हरवलंय? शिक्केभाऊ खिडकीत बसले आणि दोन्ही हातांनी कामाला लागले. ताई एकतिसावी होती. मग विसावी झाली. मग पंधरावी. पाच माणसं उरली असताना साहेबांचा आवाज जिन्यावरून खाली आला.

"सोमवार कशाला? चांगल्या कामाला उशीर नको, म्हणून आजच आणलं!" मागून दोन माणसं यंत्र घेऊन उतरत होती. "शिक्केभाऊ, आपलं घोषवाक्य काय? आधी!"

मिस्त्रीने यंत्र टेबलावर ठेवलं, जुना शिक्का कोपराने बाजूला सारला आणि वायर घेऊन तो भिंतीकडे वळला. खिडकीजवळ विजेची जागा एकच होती, आणि तिथे शिपाईमावशींची किटली लावलेली होती.

"पाणी उकळू दे," मावशी म्हणाल्या.

"किती वेळ?"

"उकळेपर्यंत. साहेबांचाच चहा आहे." साहेब बाकावर बसले. मावशींनी किटलीत आणखी तांब्याभर गार पाणी ओतलं.

चार माणसं. तीन. दोन. शिक्केभाऊ वर न बघता शिक्के मारत होते. बसचालक पुन्हा आला होता, त्याने मागे वळून ताईला आपल्या पुढे घेतलं.

ताई खिडकीशी उभी राहिली. तिने अर्ज पुढे केला, पिशवी छातीशी धरलेली. शिक्केभाऊंनी शिक्का मारला. तिने कागद वळवून आपल्याकडे घेतला, आणि चष्म्याच्या दुकानातली बाई ती, बारीक अक्षर तिला लगेच दिसलं.

"सोळा मार्च," ती म्हणाली. "त्या दिवशी आले होते ना रे मी?"

"हो."

"तू काय म्हणालास आठवतंय?"

मागे किटली सुं सुं करायला लागली होती.

"वाढलं तर ये, म्हणालास." ताईच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "वाढलं रे. म्हणून आले."

एकोणीस वर्षांत शिक्केभाऊ रांग उभी असताना खिडकी सोडून कधी उठले नव्हते. ते उठले, बाजूचं अर्धं दार ढकलून बाहेर आले, आणि सगळ्यांदेखत, साहेबांदेखत, त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. पिशवीसकट धरावे लागले, कारण ती पिशवी सोडत नव्हती.

"माझं चुकलं, ताई," ते म्हणाले. "त्या दिवशीच आत न्यायला हवं होतं तुला. चल."

डॉक्टरबाई दार उघडून उभ्या होत्या. दाराशी ताई थांबली, चौथ्या पायरीवर थांबायची तशीच. शिक्केभाऊंच्या मनात आलं, आता ही वळणार. ताईने पिशवीत हात घातला. कुलूप काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग एकेक करून तिन्ही बटणं ठेवली.

"धर. हे आत कशाला न्यायचं?" ती म्हणाली. "फारच वाढलं तर मागून घेईन."

"वाढेपर्यंत थांबू नकोस," शिक्केभाऊ म्हणाले. "जरा वाटलं, की लगेच माग. मी इथेच बसलोय."

"बरं," ताई म्हणाली. "डबा खाल्लास का?"

आणि उत्तराला न थांबता ती आत गेली. किटलीचं झाकण उडायला लागलं होतं, आणि बसचालक आपला अर्ज घेऊन रिकाम्या खिडकीशी उभा होता.